विकास आराखडा, हरकती आणि संगणक: नकाशा सगळ्यांना दिसू लागला, पुढे काय?

रेखांश (धागाकर्ते)

सर्वांना नमस्कार.

मागील वर्षी आमच्या शहराच्या सुधारित विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचे नकाशे पालिकेच्या सभागृहाबाहेरच्या भिंतीवर लावले होते. दिवसभर तेथे गर्दी असे. नकाशावर रंग होते, आरक्षणांचे (म्हणजे सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागांचे) क्रमांक होते, सर्व्हे नंबरही होते; परंतु गल्ल्यांची नावे, शाळा, देवळे, दवाखाने, म्हणजे माणूस ज्या खुणांवरून आपले घर ओळखतो त्यांपैकी जवळपास काहीच नव्हते. लोक एका हातात मिळकत पत्रिका धरून, मोबाइलच्या उजेडात दुसऱ्या हाताचे बोट नकाशावर फिरवत, आणि आपला नंबर सापडला की शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला विचारत, "हा हिरवा म्हणजे बाग, की बांधकामाला बंदी?"

मी व्यवसायाने संगणक अभियंता आहे. आम्ही पाच-सहा जणांनी संकेतस्थळावरच्या पीडीएफ उतरवून घेतल्या, क्यूजीआयएस या मुक्त प्रणालीत उपग्रहचित्रावर बसवल्या आणि कोणालाही फोनवर आपले घर शोधून त्यावर कोणते आरक्षण आले आहे ते पाहता येईल, असे पान तयार केले. त्याचा उपयोग झाला, यात शंका नाही. मात्र त्यातून माझी एक फजितीही झाली. आमच्या वसाहतीतून जाणारा नियोजित रस्ता एका उभ्या इमारतीच्या कोपऱ्यावरून जातो, असे आमच्या पानावर दिसत होते. त्यावर मी स्वतः हरकत घेतली आणि सत्तावीस शेजाऱ्यांकडूनही घेववली. सुनावणीत मूळ नकाशा उलगडला, तेव्हा रस्ता इमारतीला न शिवता शेजारून गेलेला निघाला. नऊ मीटरची चूक आराखड्याची नव्हती, माझ्या बसवणुकीची होती.

त्यानंतर या विषयावर बरेच वाचले आणि विचारही केला. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७,००० हरकती व सूचना आल्या होत्या. दिवसाला तीनशे सुनावण्या घेतल्या तरी २९० दिवस लागतील, असे हे गणित आहे. पुढे २०१५ मध्ये राज्य शासनाने तो आराखडा आपल्याकडे घेतला आणि त्याला मंजुरी मिळाली ती २०१७ च्या जानेवारीत. मुंबईचे उदाहरण आणखी बोलके आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात अस्तित्वातील इमारतींवरून रस्ते दाखवलेले होते आणि वारसा यादीतील वास्तू गळालेल्या होत्या. हरकतींची संख्या साठ हजारांच्या वर गेली, एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी ते प्रारूप बाजूला ठेवून दुरुस्तीचे आदेश दिले, २०१६ मध्ये सुधारित प्रारूप आले आणि अंतिम आराखडा २०१८ मध्ये लागू झाला. हा आराखडा हाताने रंगवलेला नव्हता. तो संगणकीय नकाशा प्रणालीवरच तयार झालेला होता. म्हणजे संगणक आला की चुका टळतात, हे गृहीतक तेथेच गळून पडले.

माझे म्हणणे असे आहे. नागरिकांचे मत गोळा करणे ही आता अवघड गोष्ट राहिलेली नाही. एक अर्ज, एक दुवा आणि एक व्हॉट्सअॅप गट असला की चार दिवसांत पाच हजार हरकती जमतात. अवघड आहे तो पुढचा प्रवास. माझी हरकत कोणी वाचली, ती नकाशावरच्या नेमक्या कोणत्या जागेला जोडली गेली, त्याच जागेबद्दल आणखी किती जणांनी काय म्हटले, समितीने काय ठरवले आणि का, आणि अंतिम नकाशात ती रेषा खरोखर हलली का, हा माग नागरिकाला आज दिसत नाही. संगणकाचा खरा उपयोग येथे व्हायला हवा. आपण मात्र सारी शक्ती त्रिमितीय चित्रफिती आणि 'आपले मत नोंदवा' अशा खिडक्यांवर खर्च करत आहोत.

शेजारच्या नगरपरिषदेच्या आराखड्याचे काम सुरू होत आहे आणि तेथील काही मंडळींनी आमच्याकडे मदत मागितली आहे. नव्याने करायचे तर काय करावे, काय टाळावे, याविषयी जाणकारांची मते हवी आहेत.

मोजपट्टी

मी नगररचना विभागात बत्तीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. आपल्या नऊ मीटरबद्दल प्रथम लिहितो, कारण ती फजिती फक्त आपली नाही.

आपल्याकडच्या विकास आराखड्याच्या पोटात गाव नकाशा असतो आणि गाव नकाशाच्या पोटात शंकू-साखळीने झालेली जुनी मोजणी असते. ही साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग सोळा आण्यांचे. त्या काळी ती मोजणी शेतसारा ठरवण्यासाठी झाली होती आणि त्या कामाला ती पुरेशी होती. पुढे त्या कापडी व कागदी नकाशांच्या प्रती निघाल्या, कागद ओलीने ताणला, उन्हाने आकसला, मग तो स्कॅन झाला, मग शेजारच्या गावाच्या नकाशाला जोडला गेला. दोन गावांच्या शिवेवर रेषा जुळत नाहीत, तेव्हा आरेखक त्या 'सांभाळून' घेतो. अशा नकाशावर उपग्रहचित्र ठेवले की मधल्या शंभर वर्षांतली सगळी ओढाताण उघडी पडते. म्हणून एखादी पीडीएफ चार कोपऱ्यांच्या आधारे बसवून चालत नाही. पंधरा-वीस तरी पक्क्या खुणा घ्याव्या लागतात: रेल्वेचा पूल, जुन्या रस्त्यांचे चौक, दगडी विहीर, किल्ल्याचा बुरूज. नदीचे वळण मात्र घेऊ नये, कारण नदी सरकते. त्यानंतर उरलेली चूक किती मीटरची आहे ते पानावर स्पष्ट लिहावे. आपण ते लिहिले असते, तर ती हरकत 'रस्ता इमारतीवरून जातो' अशी न होता 'रस्ता इमारतीच्या फार जवळून जातो, प्रत्यक्ष मोजणी करावी' अशी झाली असती आणि ती टिकली असती.

दुसरा मुद्दा कायद्याचा. हा कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्यात कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होते आणि कलम २८ खाली नियोजन समिती हरकतींवर सुनावणी घेते. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. सात माणसे आणि सत्त्याऐंशी हजार अर्ज, असा हा सामना आहे. पण सर्वांचे लक्ष कलम २६ वर असते आणि कलम २५ कडे कोणी पाहत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. कलम २५ म्हणजे विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण. आज कोठे काय आहे, याचा तो नकाशा. तोच चुकीचा असेल तर पुढचे सगळे चुकणार. मुंबईत प्रारूपाच्या आधी हे विद्यमान वापराचे नकाशे लोकांसमोर ठेवले होते आणि नागरी संघटनांनी त्यांतल्या चुका प्रभागनिहाय दाखवून दिल्या होत्या. कोळीवाडे आणि गावठाणे नीट दाखवलेली नाहीत, हा त्यांतला मोठा आक्षेप होता. त्या दुरुस्त्यांपैकी किती उचलल्या गेल्या, हा वेगळा विषय. पण पद्धत योग्य होती. आपल्याला नगरपरिषदेला मदत करायची असेल, तर याच टप्प्यावर करा. नियोजित रस्त्यावर भांडण होते. 'येथे आज शाळा आहे' यावर सहसा होत नाही.

थोडे विषयांतर करतो. 'आधी सर्वेक्षण, मग आराखडा' हे सूत्र मांडणारे पॅट्रिक गेडीस १९१४ नंतर हिंदुस्थानात आले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. इंदूरच्या होळकर दरबारासाठी त्यांनी १९१८ मध्ये अहवाल दिला. त्या काळात शहरात प्लेगची भीती होती आणि नकाशे घेऊन गल्लोगल्ली फिरणाऱ्या या साहेबाला पाहून लोक घरे पाडली जाणार म्हणून धास्तावले होते. गेडीस यांनी दिवाळीची मिरवणूक काढण्याचे ठरवले आणि जाहीर केले की ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या भागातली घरे-रस्ते सर्वाधिक स्वच्छ व दुरुस्त होतील, त्या भागातून जाईल. शहराने स्वतःला झाडून काढले, असे सांगतात. सहभागासाठी तेव्हा संगणक नव्हता, पण आपल्या कृतीने मिरवणुकीचा मार्ग खरोखर बदलतो हे लोकांना दिसत होते. आपण ज्याला 'माग' म्हणता, तो तेथे होता.

कुळागर

गोव्याचा अनुभव येथे नोंदवणे योग्य होईल, कारण आमच्याकडे ही लढाई शहरापुरती नव्हती, संपूर्ण राज्याच्या नकाशाची होती.

'प्रादेशिक आराखडा २०११' या नावाच्या आराखड्यात डोंगरउतार आणि शेते वसाहतीच्या रंगात रंगवलेली आढळली, तेव्हा गोवा बचाव अभियानाने आंदोलन उभे केले आणि २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतर 'प्रादेशिक आराखडा २०२१' साठी कृती दल नेमले गेले, त्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. या वेळी गावनिहाय नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले आणि गावाने आपल्या सूचना नोंदवाव्यात, अशी व्यवस्था करण्यात आली. आमच्या गावात देवळाच्या मंडपात नकाशा पसरून म्हातारी माणसे बसली होती, ते दृश्य मी विसरलेलो नाही. कागदावर 'पडीक' लिहिलेल्या तुकड्यात बारमाही झर आहे, हे त्यांनी सांगितले. खाजन जमिनीचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनीचा, बांध कोठून जातो आणि मानस, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी राखणारे दार, कोठे आहे, तेही त्यांनीच दाखवले. उपग्रहचित्रात पाणी दिसते, पण ते पाणी कोण राखतो हे दिसत नाही.

तो आराखडा २०११ मध्ये अधिसूचित झाला आणि २०१२ मध्ये सरकार बदलताच स्थगित ठेवण्यात आला. एवढ्या सहभागाने घडलेला नकाशा एका आदेशाने कपाटात जाऊ शकतो, हे धागाकर्त्यांनी लक्षात ठेवावे. आपण म्हणता तो माग अंतिम नकाशापर्यंत राखून चालणार नाही; त्यानंतरच्या प्रत्येक फेरबदलाचाही ठेवावा लागेल. आमच्याकडे खरे खेळ तेथेच होतात. एकेका सर्व्हे नंबरचा रंग बदलण्याची सूचना राजपत्रात येते, आणि ती वाचायला ना कोणाला वेळ असतो ना कोणाला ती दिसते.

रेखांश

@मोजपट्टी, आपला प्रतिसाद वाचून थोडी लाजही वाटली आणि बरेही वाटले. चूक किती मीटरची ते पानावर लिहावे, ही साधी गोष्ट आम्हाला सुचली नाही. पान देखणे दिसावे म्हणून आम्ही रेषा आणखी ठळक केल्या होत्या, आणि ठळक रेषेवर लोक अधिक विश्वास ठेवतात.

@कुळागर, राजपत्रातील प्रत्येक फेरबदल नकाशावर एक ठिपका म्हणून उतरवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. सूचनेत सर्व्हे नंबर असतो, सर्व्हे नंबरांचा नकाशा भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावर पाहता येतो. हे काम नेमाने करणारे कोणी तरी हवे, एवढेच.

ओसरी

गेली अकरा वर्षे मी वस्त्यांमध्ये सर्वेक्षणाचे काम करते. वरील चर्चेत अजून एक माणूस आलेला नाही: ज्याच्याकडे मिळकत पत्रिकाच नाही, तो. आराखड्यात त्याची वस्ती बहुधा आरक्षणाच्या रंगाखाली दबलेली असते, किंवा एका राखाडी तुकड्यावर 'झोपडपट्टी' एवढाच शब्द असतो. आत किती घरे आहेत, बोळ कोठून जाते, नळ कोठे आहे, याची नोंद नसते. अशा माणसाने हरकतीच्या अर्जावर सर्व्हे नंबर काय लिहायचा?

हे काम संगणकाच्या आधीपासून चालत आले आहे. मुंबईत १९८५ मध्ये स्पार्क या संस्थेने पदपथावर राहणाऱ्या सुमारे सहा हजार कुटुंबांची गणना केली. त्याच वर्षी पदपथवासीयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि हटवण्याची टांगती तलवार डोक्यावर असताना, आम्ही कोण आहोत, कोठून आलो, काय काम करतो, हे त्या लोकांनी आकड्यांत मांडले. पुण्यात शेल्टर असोसिएट्सने त्यापुढची पायरी गाठली. पुण्यातील आणि सांगली-मिरजेतील वस्त्यांची घराघरांची माहिती त्यांनी नकाशा प्रणालीत बसवली. एकेका वस्तीत कोणत्या घराला शौचालय आहे, मलवाहिनी किती अंतरावर आहे, हे एका नकाशावर दिसू लागल्यावर महापालिकेशी होणारे बोलणेच बदलते. 'वस्तीत सोय द्या' हे मागणे झाले. 'या बोळातील चाळीस घरे मलवाहिनीपासून तीस मीटरच्या आत आहेत' हे कामाचे अंदाजपत्रक झाले.

नैरोबीतील किबेरा या प्रचंड वस्तीच्या जागी २००९ पर्यंत सार्वजनिक नकाशांवर जवळपास कोरी जागा होती. तेथील तरुणांनी हातात जीपीएस यंत्रे घेऊन ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर पायवाटा, पाणवठे, दवाखाने उतरवले. टांझानियातील दार-ए-सलाम येथे २०१५ पासून विद्यार्थी आणि रहिवाशांनी मिळून पुराच्या धोक्याचे प्रभाग, गटारे आणि नाले यांचे नकाशे केले. त्या उपक्रमाचे नाव 'रामानी हुरिया', स्वाहिलीत त्याचा अर्थ 'खुला नकाशा'.

आमच्या पद्धतीबद्दल थोडेसे. आम्ही बायकांच्या हातात फोन आधी देत नाही. उपग्रहचित्र मोठ्या कागदावर छापतो, जमिनीवर अंथरतो आणि विचारतो, "रेशनच्या दुकानाला कशी जातेस, बोट फिरवून दाखव." दहा मिनिटांत वाट सापडते, मग वादही सुरू होतात, आणि त्या वादांतच खरी माहिती असते. नाल्याकाठच्या एका वस्तीत आम्ही पाणी कोठवर आले होते असे विचारले. आकडा कोणी सांगितला नाही. प्रत्येकीने आपल्या घराच्या भिंतीवर हात ठेवून दाखवला. ते हात आम्ही पट्टीने मोजले, कोबोटूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या संगणक प्रणालीतील अर्जात भरले आणि त्यातून जी पूररेषा तयार झाली, ती पाटबंधारे खात्याच्या निळ्या रेषेपेक्षा दोन बोळ आत होती.

शंकेखोर

सर्वांच्या कष्टांविषयी आदर ठेवून काही शंका मांडतो.

पहिली शंका संख्येची. हरकतींपैकी कितीतरी छापील मजकुराच्या, फक्त सही वेगळी असलेल्या असतात. त्या संघटितपणे भरल्या जातात, काही वेळा नागरिकांकडून आणि काही वेळा जमिनीत हितसंबंध असलेल्यांकडून. ऑनलाइन केल्याने हे प्रमाण घटणार नाही, वाढेलच. मग पाच हजार एकसारख्या हरकती म्हणजे पाच हजार मते मानायची, की एक?

दुसरी शंका उघडेपणाची. नियोजित रस्ता कोठून जाणार हे फोनवर सर्वांना दिसू लागले, तर त्याचा फायदा सर्वांत आधी जमीन खरेदी करणाऱ्याला होतो. @ओसरी ताई, वस्तीतील प्रत्येक घराचा नकाशा उघड्यावर ठेवला, तर अतिक्रमण हटवणाऱ्याच्याही तो हाती पडतो. याचा विचार आपण कसा करता?

तिसरी शंका अशी, की सहभाग म्हणजे फक्त तक्रार, असे आपण मानून बसलो आहोत. माझ्या दारातला रस्ता हलवा, असे प्रत्येक जण म्हणेल. तो कोणाच्या दारातून न्यायचा, हे कोण सांगणार?

एल्बेकाठी

शंकेखोर यांच्या तिसऱ्या शंकेसाठीच हा प्रतिसाद लिहीत आहे. गेली बारा वर्षे मी हॅम्बर्गमध्ये राहतो.

२०१५ मध्ये या शहरात हजारोंच्या संख्येने निर्वासित आले. त्यांच्यासाठी घरे बांधायला जागा हव्या होत्या आणि प्रत्येक मोहल्ल्याचे उत्तर एकच होते: 'जरूर बांधा, पण येथे नको.' २०१६ मध्ये येथील हाफेनसिटी विद्यापीठाने, एमआयटीच्या मीडिया लॅबने विकसित केलेली सिटीस्कोप ही पद्धत वापरून, 'फाइंडिंग प्लेसेस' हा उपक्रम केला. एका मोठ्या टेबलावर त्या भागाचा नकाशा वरून प्रकाशाने पाडलेला असे. सहभागींच्या हातात लेगोचे रंगीत ठोकळे देत. ठोकळा एखाद्या मोकळ्या तुकड्यावर ठेवला की संगणक तो ओळखे आणि त्या जागेची माहिती शेजारी दाखवे: मालकी कोणाची, निसर्गरक्षित क्षेत्र आहे का, गोंगाट किती, तेथे किती माणसे राहू शकतील. 'येथे नको' म्हणायची मुभा होती, पण मग ठोकळा दुसरीकडे ठेवावा लागे, आणि राहिलेल्या माणसांचा आकडा टेबलावर सर्वांसमोर तसाच दिसत राही.

३४ कार्यशाळा झाल्या, सुमारे ४०० लोक आले. त्यांनी सुमारे १६० जागा सुचवल्या. प्रशासनाच्या प्राथमिक तपासणीत त्यांतल्या ४४ टिकल्या आणि अखेरीस १० पक्क्या झाल्या. आकडा लहान वाटेल. पण नाकारलेल्या जागा का नाकारल्या, हेही सांगितले गेले. कोठे पूर येतो म्हणून, कोठे जमीन खासगी म्हणून. माझे एक जर्मन शेजारी तेथे तावातावाने गेले होते. त्यांनी सुचवलेली जागा नामंजूर झाली, तरी परत आल्यावर ते म्हणाले की आपल्या भागात मोकळी जमीन किती थोडी आहे हे आपल्याला आयुष्यात पहिल्यांदा कळले. आता शहराकडे 'डीपास' नावाची स्वतःची सहभाग प्रणाली आहे. तीत घरबसल्या नकाशावर सूचना ठेवता येते आणि कार्यशाळेतल्या स्पर्शपटलावर त्याच सूचना त्याच जागी दिसतात.

हेलसिंकीचेही एक चांगले उदाहरण आहे. तेथील दीर्घ पल्ल्याच्या आराखड्यासाठी २०१३ मध्ये नागरिकांना नकाशावर खुणा करायला सांगितले आणि सुमारे ३३,००० खुणा जमल्या. मला महत्त्वाचा वाटला तो प्रश्न. 'तुम्हाला काय नको' असे कोणी विचारले नाही. 'नवे बांधकाम कोठे करावे' आणि 'कोणत्या जागेला हात लावू नये' असे दोन्ही प्रश्न एकाच माणसाला विचारले.

ओसरी

@शंकेखोर, आपली दुसरी शंका रास्त आहे आणि आम्हीही तिची किंमत मोजली आहे. एका ठिकाणी घरनिहाय यादी वस्तीबाहेर गेली आणि पात्र-अपात्रतेच्या वादात तीच काही कुटुंबांविरुद्ध वापरली गेली. तेव्हापासून आमचे दोन नकाशे असतात. बोळ, नळ, शौचालये, नाला, पाण्याची पातळी हे सर्व उघड्या नकाशावर जाते. घरातील माणसांची नावे, कागदपत्रे, किती वर्षांचे वास्तव्य, हे वस्तीच्या समितीकडे कुलपात राहते आणि कोणाला दाखवायचे ते समिती ठरवते. 'सगळी माहिती खुली' हे तत्त्व ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांना परवडते.

मोजपट्टी

एल्बेकाठी यांनी सांगितलेली पद्धत आमच्या काळी मिळाली असती, तर माझ्या आयुष्यातील निम्म्या सुनावण्या शांततेत पार पडल्या असत्या. मात्र एक भेद लक्षात घ्यावा. तेथील बरीचशी चर्चा सार्वजनिक जमिनीभोवती फिरत होती. आपल्याकडे आरक्षण बहुतेक वेळा खासगी जमिनीवर पडते, आणि ती जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही तर मालक कलम १२७ खाली सूचना देऊन आरक्षण व्यपगत (रद्दबातल) करून घेऊ शकतो. म्हणून बागेचा ठोकळा टेबलावर ठेवणाऱ्याला ती जमीन घ्यायला किती पैसे लागतील, हाही आकडा शेजारी दिसलाच पाहिजे. नाहीतर शंभर बागा मागितल्या जातील आणि त्यांतली एकही होणार नाही. पालिकांच्या आराखड्यांत अशी कागदावरची हिरवळ मी भरपूर पाहिली आहे, काही ठिकाणी स्वतःच्या हातांनी रंगवलीही आहे.

नागरिकांनी स्वतः नकाशे करणे कायदेशीर आहे का, असा प्रश्न मला या चर्चेनंतर दोघांनी खासगी निरोपातून विचारला. केंद्र शासनाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून भारतीय नागरिकांना व संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची जुनी अट काढून टाकली आहे. संवेदनशील स्थळांबाबतचे निर्बंध अर्थातच आहेत. मात्र आपल्या नकाशावर 'हा अधिकृत नकाशा नाही' असे प्रत्येक पानावर लिहावे.

रेखांश

शंकेखोर यांच्या पहिल्या शंकेचे उत्तर राहिले होते. एकसारख्या मजकुराच्या हरकती संगणक सहज एकत्र करू शकतो. त्यांची एकत्र सुनावणी घेता येईल आणि प्रत्येक अर्जदाराला एकच सकारण उत्तर देता येईल. मोजायचे ते मुद्दे. त्यामागची डोकी वेगळ्या रकान्यात नोंदवायची. तैवानमध्ये २०१५ साली उबरच्या प्रश्नावर 'पोलिस' नावाची प्रणाली वापरली होती (पोलिसांशी तिचा संबंध नाही). तिच्यात दुसऱ्याला उलट उत्तर देण्याची सोयच नाही; समोर आलेल्या विधानाला सहमत, असहमत किंवा 'पुढे' एवढेच म्हणता येते. मग एकसारखा कौल देणाऱ्यांचे गट संगणक दाखवतो, आणि एरवी भांडणारे दोन गट कोणत्या विधानांवर एकमत आहेत तेही दाखवतो. पाच हजार जणांनी तेच विधान उचलले, तरी पडद्यावर ते एकच विधान राहते.

मागाबाबत मला सर्वांत जवळची वाटली ती बार्सिलोनाची 'डेसिदिम' ही सहभाग प्रणाली. या कातालान शब्दाचा अर्थ 'आपण ठरवतो'. २०१६ मध्ये तेथील पालिकेच्या चार वर्षांच्या कृती आराखड्यासाठी तिच्यावर दहा हजारांहून अधिक प्रस्ताव आले. प्रत्येक प्रस्तावाचे स्वतःचे पान असते आणि त्यावर तो स्वीकारला की नाकारला, कारण काय, आणि स्वीकारला असल्यास काम कोठवर आले, हे नोंदवलेले असते. प्रणाली मुक्त स्रोत आहे, म्हणजे आपण ती फुकट घेऊन मराठीत आणू शकतो. तिच्यात आपल्याला दोन गोष्टी जोडाव्या लागतील: सर्व्हे नंबरावरून जागा शोधणे, आणि कुळागर म्हणतात तसा मंजुरीनंतरच्या फेरबदलांचा थर.

नगरपरिषदेच्या मंडळींशी काल बोलणे झाले. सध्या त्यांना यांतले काहीच देऊ नये, असे आम्ही ठरवले आहे. विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण पुढील महिन्यात सुरू होईल. तोवर प्रत्येक प्रभागासाठी उपग्रहचित्राचे मोठे छापील कागद तयार करायचे, ते शाळांमध्ये आणि दोन वस्त्यांमध्ये अंथरायचे, आणि लोकांनी बोटाने दाखवलेल्या जागा आम्ही मागे बसून संगणकात भरायच्या. मुख्याधिकाऱ्यांनी तोंडी होकार दिला आहे. लेखी मागितला आहे.

@मोजपट्टी, पक्क्या खुणांसाठी गावातील दगडी वेस आणि दोन जुनी मंदिरे आम्ही धरली आहेत. एका मंदिराचा जीर्णोद्धार झाला आहे. ते चालेल का?

मोजपट्टी

गाभारा जुन्याच जागी असेल तर चालेल. सभामंडप धरू नका, तो हमखास वाढवलेला असतो. पुजाऱ्यांना विचारून घ्या. आणि वेशीचा कोणता दगड धरला, त्याचा फोटो काढून ठेवा, पुढच्या माणसाला लागेल.